नवी वेबसाइट, नाराज वाचक: जुनी परत लावण्याआधी हे तपासा

प्रश्न थोडक्यात असा. दादरहून निघणारं एक मराठी संगीत मासिक. छापील अंक चालू आहे. वर्गणीदारांत गाणं शिकणारे, शिकवणारे, साथसंगत करणारे आणि नुसते मनापासून ऐकणारे असे सगळे आहेत. मासिकाची वेबसाइट गेल्या महिन्यात नव्यानं केली. तेव्हापासून पत्रं, फोन आणि व्हॉट्सॲपवर एकच सूर लागलाय: 'जुनीच बरी होती.' प्रकाशक म्हणतात, जुनी परत लावा. डिझायनर म्हणतो, महिनाभर कळ काढा, सवय होईल. संपादक ताईंनी विचारलंय, ऐकायचं कुणाचं?

ताई, दोघांचंही अर्धंच खरं आहे. सवय होते, हे बरोबर. रंग, मथळ्याची जागा, फोटोंचा आकार यांवरची नाराजी माझ्या अनुभवात दीड-दोन महिन्यांत विरते. पण सवय फक्त दिसण्याची होते. जे सापडतच नाही त्याची सवय होत नाही. माणूस ते शोधायचं सोडून देतो, मग तुमच्याकडे यायचंही सोडतो, आणि त्यानंतर तक्रारही करत नाही. म्हणून फोन थांबले की प्रश्न मिटला, असं तुमच्या डिझायनरनं धरून चालू नये. दुसरीकडे, जुनी साइट परत लावली तर ज्या कारणांसाठी ती बदलली, म्हणजे मोबाइलवर न दिसणं, जुनाट सॉफ्टवेअर, सुरक्षेचा धोका, ती सगळी कारणं जशीच्या तशी परत येतील. वर्गणीदारांना लॉगिनच होत नाही, पैसे भरूनही अंक उघडत नाही, अशी अवस्था असेल तरच तात्पुरती जुनी लावा. तुमच्या पत्रावरून तसं दिसत नाही.

मी बरीच वर्षं नियतकालिकांच्या वेबसाइटचं काम करतोय, त्यातलं बरंचसं मुंबईत आणि मराठीत. त्यावरून माझं ठाम मत आहे की संगीत मासिकाच्या साइटवर वाचक मुख्यतः जुन्या लेखासाठी येतो. बातम्यांच्या साइटवर कालचा मजकूर शिळा होतो. मारवा रागावरचा आठ वर्षांपूर्वीचा चांगला लेख आजही तितकाच लागतो, कारण मारवा कुणीतरी आज शिकायला घेतलेला असतो. प्रा. बी. आर. देवधरांनी 'संगीत कला विहार' या मासिकात उस्ताद-पंडितांवर जे लिहिलं ते पुढे पुस्तकात आलं आणि अजूनही लोक ते शोधून वाचतात. संगीतावरच्या लेखनाचं आयुष्य एवढं लांब असतं. तुमच्या साइटचं खरं भांडवल होमपेजवर नाही, ते मागच्या शेकडो पानांत आहे. आणि नव्या रचनेत सगळ्यात कमी लक्ष जातं ते त्याच पानांवर, कारण डिझायनर होमपेज दाखवून काम मंजूर करून घेतो.

तेव्हा पहिलं काम तक्रारी नीट वाचण्याचं. 'रंग आवडला नाही', 'फार मोकळं मोकळं वाटतं', 'आपलं वाटत नाही' अशी वाक्यं तुमच्याकडे ढिगानं आली असतील. ती जशीच्या तशी घेऊ नका. प्रत्येकाला उलट फोन करून एवढंच विचारा: 'त्या वेळी तुम्ही साइटवर काय करायला आला होतात?'

एका संगीतविषयक साइटच्या चाचणीत हार्मोनियम शिकवणाऱ्या एक बाई आमच्यासमोर स्वतःचा मोबाइल घेऊन बसल्या होत्या. त्यांना मालकंस रागातली एक बंदिश, म्हणजे रागात बांधलेली रचना, हवी होती, वर्गातल्या मुलीसाठी. त्यांनी 'मालकंस' टाइप केलं. निकाल आला, 'काहीही सापडले नाही.' संग्रहात सगळीकडे 'मालकौंस' लिहिलेलं होतं. त्यांनी आणखी दोनदा प्रयत्न केला, वर-खाली सरकवून पाहिलं, मोबाइल टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, 'हा निळा रंग डोळ्यांना त्रास देतो हो.' आम्ही नोंदवहीत रंगाची तक्रार लिहिली असती तर तिचा काहीच उपयोग झाला नसता. माणसाला काय अडलं हे नेमकं सांगता येत नाही, म्हणून जे समोर दिसतं त्यावर तो बोट ठेवतो. तुमच्या निम्म्याहून जास्त 'रंगाच्या' तक्रारी अशाच निघाल्या तर मला नवल वाटणार नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. २००६ साली फेसबुकनं न्यूज फीड, म्हणजे मित्रांच्या हालचाली एकाच यादीत दाखवण्याची सोय, आणली तेव्हा लाखो विद्यार्थ्यांनी निषेध केला. कंपनीनं माफी मागितली, कोणाला काय दिसावं हे ठरवायची सोय दिली आणि फीड मात्र ठेवली. लोक टिकले. २०१० च्या ऑगस्टमध्ये डिग या तेव्हाच्या मोठ्या साइटनं, जिथे वाचकच लिंक्स देऊन त्या मतांनी वर आणायचे, नवी आवृत्ती आणली आणि त्यात वाचक रोज वापरत असलेली काही साधनं काढूनच टाकली. वाचकांनी निषेध म्हणून पहिलं पान प्रतिस्पर्धी रेडिटच्या लिंक्सनी भरून टाकलं, आणि दोन वर्षांत डिग किरकोळ किमतीला विकली गेली. आरडाओरडा दोन्हीकडे सारखाच होता. फरक एवढाच की एका ठिकाणी लोकांना काही नवं नकोसं झालं होतं, आणि दुसऱ्या ठिकाणी त्यांच्या हातातलं काढून घेतलं होतं. तक्रारींची संख्या मोजून हा फरक कळत नाही, त्या वाचूनच कळतो.

आता तुमच्या साइटवर हातातलं काय काय गेलंय ते पाहू. तुम्ही पाठवलेल्या पानांवरून मला चार गोष्टी दिसतात. त्यातली एक फार गंभीर आहे.

सगळ्यात आधी लेखांचे पत्ते. नव्या साइटवर प्रत्येक लेखाची लिंक बदलली आहे, आणि जुनी लिंक दाबली की वाचक होमपेजवर येऊन पडतो. तुमच्या तंत्रज्ञाला वाटत असेल की 'पान सापडत नाही' यापेक्षा हे बरं. मला ते जास्त वाईट वाटतं, कारण वाचकाला कळतच नाही की लेख आहे की गेला. गूगलही अशा सरसकट होमपेजवर नेण्याला पान नाहीसं झाल्यासारखंच धरतं. हवं ते असं: प्रत्येक जुना पत्ता त्याच लेखाच्या नव्या पत्त्याकडे कायमचा वळवायचा, ज्याला तंत्रज्ञ ३०१ रीडायरेक्ट म्हणतात. जुन्या पत्त्यांची यादी जुन्या डेटाबेसमध्ये असेल. नसेल तर सर्व्हरच्या नोंदी, गूगल सर्च कन्सोल आणि इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन (वेबसाइटच्या जुन्या प्रती जपून ठेवणारी सोय) यांतून ती जुळवता येते. आधी जे दोन-तीनशे लेख सर्वांत जास्त वाचले जातात ते हातानं करा, बाकीचे नियम लावून. गूगल सांगतं, हे वळण किमान वर्षभर ठेवा. मी म्हणतो, कायम ठेवा, त्याला खर्च नाही. विशारदच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या वह्यांत, कुणाच्या प्रबंधाच्या तळटिपांत, क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमच्या लिंक्स पसरलेल्या आहेत. त्या तुम्हाला परत बोलावून दुरुस्त करता येणार नाहीत.

संग्रह किती सहज जातो ते २०२४ च्या जूनमध्ये जगानं पाहिलं. एमटीव्ही या संगीत वाहिनीच्या बातम्यांची 'एमटीव्ही न्यूज' ही साइट मालक कंपनीनं बंद केली आणि दोन दशकांहून अधिक काळाचं संगीतविषयक लेखन एका फटक्यात दिसेनासं झालं. लिहिणाऱ्यांनाच आपले लेख सापडेनात. इंटरनेट अर्काइव्हनं आधी जतन केलेल्या प्रतींमुळे त्यातला बराच भाग निदान वाचता तरी येतो. तुमचा मजकूर कुणी मुद्दाम काढलेला नाही, हे मला ठाऊक आहे. पण वाचकाच्या बाजूनं पाहिलं तर जो लेख मिळत नाही तो गेलेलाच असतो. आपल्याकडे 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'सारख्या मुंबईच्या संस्थेनं १९९०च्या दशकापासून 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक काढून ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांची माहिती मोठ्या कष्टानं नोंदवून ठेवली. असं काम संशोधकांपर्यंत पोचतं ते जुने अंक मिळत राहतात म्हणूनच.

दुसरी गोष्ट, अंक नाहीसा झालाय. जुन्या साइटवर मुखपृष्ठ होतं, त्यावर दाबलं की त्या महिन्याची अनुक्रमणिका. नव्या साइटवर लेख सुटे सुटे चौकटींत येतात, 'मुलाखत', 'समीक्षा', 'राग' अशा शीर्षकांखाली, आणि खाली सरकत राहिलं की संपतच नाहीत. वेबवाल्यांना हे स्वाभाविक वाटतं. मासिकाच्या वाचकाला नाही. तो म्हणतो, 'तो किशोरीताईंवरचा अंक', 'पावसाळ्यातला मल्हार विशेषांक'. त्याच्या आठवणीत लेख एकटा नसतो, शेजारच्या लेखांसोबत असतो. शिवाय अंकाला शेवटचं पान असतं. ते वाचून झालं की अंक वाचल्याचं समाधान मिळतं, आणि पुढच्या महिन्याची वाट पाहावीशी वाटते. वर्गणी त्यावर चालते. तेव्हा प्रत्येक अंकाचं एक स्वतंत्र पान करा: मुखपृष्ठ, संपादकीय, क्रमानं लेख, आणि प्रत्येक लेखाखाली 'याच अंकात'. विषयवार मांडणी राहू द्या. नवा वाचक गूगलवरून येतो, त्याला ती उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली, आणि तिची तक्रार तुमच्याकडे कदाचित दोघा-तिघांनीच केली असेल. ती म्हणजे स्वरलिपी, सूर-ताल कागदावर लिहिण्याच्या खुणा.

तुमच्या मासिकात बंदिशी भातखंडे पद्धतीनं छापतात. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तार म्हणजे वरच्या सप्तकाला वर टिंब. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, फुली; खालीला, म्हणजे टाळी न देता हात रिकामा सोडायच्या मात्रेला, शून्य. जुन्या साइटवर हे ओबडधोबड दिसायचं, पण बरोबर होतं. नव्या साइटवर मजकूर नेताना कोमल स्वरांखालच्या रेघा उडाल्या आहेत, कारण नव्या थीममध्ये, म्हणजे साइटच्या तयार साच्यात, अधोरेखन फक्त लिंकसाठी राखून ठेवलंय. भैरव रागाच्या रिषभ-धैवताखालच्या रेघा गेल्या की पानावर उरतं ते बिलावलाचं, म्हणजे सगळ्या शुद्ध स्वरांचं, सप्तक. एखाद्या मुलीनं घरी बसून ती बंदिश तशीच बसवली तर? जाणकार माणूस हसून सोडून देईल, शिकणारं मूल नाही देणार. काही पानांवर उलट झालंय. रेघ राहिली आहे, पण तिचा रंग लिंकसारखा निळा झालाय, आणि वाचक कोमल गंधारावर बोट दाबून पाहतायत की काय उघडतं.

यावर उपाय असा की रेघ ही सजावट म्हणून देऊच नये, ती मजकुराचाच भाग असावी. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, देवनागरी संचात वैदिक उच्चारांसाठी अक्षराखालची आडवी रेघ आणि अक्षरावरची उभी रेघ अशी दोन चिन्हं आहेत. कोमल रिषभ 'रे॒' आणि तीव्र मध्यम 'म॑' असा त्यांतून लिहिता येतो. थीम बदला, फॉन्ट बदला, मजकूर दुसरीकडे चिकटवा, रेघ स्वराला सोडून जात नाही. सगळे फॉन्ट ही चिन्हं सारखीच सुबक मांडत नाहीत, म्हणून फॉन्ट ठरवण्याआधी तुमच्याच दहा-बारा बंदिशी त्यात लावून, साध्या अँड्रॉइड मोबाइलवर बघा. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना आणखी एक गडबड झालेली दिसते. अवग्रहाच्या (ऽ) जागी काही ठिकाणी रोमन एस (S) आलाय, कारण पूर्वी टायपिंग करणारे तसंच टाकायचे. ते सरसकट बदलू नका, ओळ पाहून बदला.

मग तालाचा प्रश्न. तीनतालाच्या सोळा मात्रा मोबाइलच्या रुंदीत मावत नाहीत, म्हणून नवी साइट अकराव्या-बाराव्या मात्रेनंतर ओळ तोडते. पुढची ओळ भलत्याच मात्रेवर सुरू होते आणि समेखाली सम येत नाही. बंदिश वाचणाऱ्याची नजर समेवर असते. ती हलली की सगळं हललं. ओळ तोडायचीच तर विभागावर तोडा: तीनताल चार-चारवर, झपताल दोन-तीन-दोन-तीन, रूपक तीन-दोन-दोन. म्हणजे प्रत्येक विभाग हा न तुटणारा गट म्हणून बांधायचा, एवढं तंत्रज्ञाला सांगितलं की त्याला पुरे. किंवा बंदिश तेवढी आडवी सरकवता येईल अशी ठेवा. मला विभागावर तोडणं जास्त पसंत आहे, कारण रियाज करताना एक हात पेटीवर असतो.

आणि प्रत्येक बंदिशीपाशी कोणती लिपी ते लिहा. तुमच्या जुन्या अंकांत पाहुण्या लेखकांच्या काही बंदिशी पलुस्कर पद्धतीत, म्हणजे दुसऱ्या एका स्वरलिपीतही आहेत. तिथे स्वरावरचं टिंब मंद्र सप्तक दाखवतं, भातखंडे पद्धतीत तेच टिंब तार सप्तक. छापील अंकात सुरुवातीच्या टिपेतून ते कळायचं. सुटा लेख गूगलवरून उघडणाऱ्याला ती टीप दिसतच नाही. हे सगळं दुरुस्त व्हायला वेळ लागेल. तोपर्यंत प्रत्येक बंदिशीखाली छापील पानाचं स्कॅन आजच लावून टाका. अंक तुमच्या कपाटात आहेत, काम दोन माणसांचं आहे.

चौथी गोष्ट, शोध. मालकंस-मालकौंस मी वर सांगितलं. तसंच भूप आणि भूपाळी, बागेश्री आणि बागेसरी, यमन आणि इमन, खाँ, खां आणि खान, 'अब्दुल करीम' जोडून की तोडून. शिवाय तरुण वाचक रागाचं नाव रोमन लिपीत टाइप करतात. कुठल्याही बऱ्या सर्चमध्ये अशा पर्यायी रूपांची यादी देता येते, पण ती यादी प्रोग्रामर बनवू शकत नाही. ती संपादक मंडळींनीच बसून केली पाहिजे, आणि ते काम मला तरी फार आनंदाचं वाटतं. याखेरीज एक अदृश्य भानगड आहे. 'अल्बम' या शब्दावर चंद्र देऊन लिहिताना काही कीबोर्ड एकच अक्षर टाकतात, काही 'अ' आणि वर चंद्र अशी दोन. डोळ्यांना दोन्ही एकसारखी, संगणकाला वेगळी. रफार आणि 'ऱ्ह', 'ऱ्य' यांच्यातही न दिसणारी जोडचिन्हं लपलेली असतात. शोधाआधी ही सगळी रूपं एक करून घ्यायला तंत्रज्ञाला सांगा. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण पहिल्या भानगडीत उपयोगी पडत नाही, तो नियम वेगळा लिहावा लागतो.

दिसण्याबद्दल थोडंच सांगतो. मथळ्यांत अक्षरांमधलं अंतर वाढवलंय त्यामुळे शिरोरेषा तुटली आहे. इंग्रजी मथळ्यांना ते शोभतं, देवनागरीला कधीच नाही. ते शून्यावर आणा. ओळींमधलं अंतर वाढवा, वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांना भिडतायत. फिकट राखाडी मजकूर गडद करा. सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय नियमांत साध्या मजकुराला पार्श्वभूमीवर किमान ४.५ ला १ एवढा उठाव मागितलाय, तुमचा त्याहून कमी दिसतो. बोटांनी पान मोठं करायला बंदी केली आहे, ती काढा. सत्तरीतला वाचक रागावलाय तो बहुधा यावर. आणि साइटची भाषा आतल्या कोडमध्ये 'हिंदी' लावलेली आहे. ती मराठी करा, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात मराठी वळणाचे ल आणि श आपोआप येतील. 'काहीतरी परकं वाटतं' असं जे वाचक म्हणतायत, त्यातल्या काहींच्या डोळ्यांना हेच खटकत असावं. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' हा फॉन्ट मोफत आहे, त्याच्या जाडीच्या बऱ्याच छटा मिळतात, लांब लेखाला चांगला वाचला जातो. फॉन्टच्या फाइली मात्र जेवढ्या लागतील तेवढ्याच घाला. देवनागरीत जोडाक्षरांमुळे त्या आधीच जड असतात, आणि तुमचा वाचक लोकलमध्ये, नेटवर्क येत-जात असताना लेख उघडतोय. त्याला आधी मजकूर दिसू दे, फोटो मागून येईना का.

कार्यक्रमांच्या पानाची तक्रार रास्त आहे. नकाशा सुंदर आहे, पण शनिवारी दुपारी वाचकाला हवं असतं ते एवढंच: कोण गाणार, साथीला कोण, किती वाजता, कुठे, कोणतं स्टेशन, पूर्व की पश्चिम, प्रवेश मोफत की तिकीट. दीनानाथला गाणं असो की साहित्य संघात, की माटुंग्याच्या दादर-माटुंगा कल्चरल सेंटरमध्ये, ही माहिती दोन ओळींत मावते. नकाशा त्याखाली राहू द्या. रविवारच्या कार्यक्रमाशेजारी मेगाब्लॉक कुठे आहे तेही कुणी लिहिलं तर वसईहून येणारे श्रोते दुवा देतील.

काही मागण्या मात्र मान्य करू नका. साइट उघडताच तानपुरा वाजायचा, तो परत आणा असं काहींनी म्हटलंय. त्यांचं प्रेम समजू शकतं, पण २०१८ पासून क्रोमसारखे ब्राउझर वाचकानं काही दाबल्याखेरीज आवाज वाजूच देत नाहीत, आणि बसमध्ये किंवा ऑफिसात अचानक आवाज सुरू झालेला कुणालाच नको असतो. ध्वनिमुद्रणं लेखाच्या मध्ये, जिथे त्यांचा उल्लेख येतो तिथे ठेवा, तुम्ही आता ठेवली आहेत तशी. ते चांगलं केलंय. 'सगळं पहिल्या पानावर द्या' हीही मागणी सोडून द्या. अंकाची पानं नीट झाली की ती आपोआप कमी होईल. आणि 'जुना देखावा' असं बटण देऊन दोन्ही साइट चालू ठेवायचा मोह टाळा. तुमच्याकडे तंत्राचं माणूस एकच आहे. दोन साइट सांभाळताना दोन्ही बिघडतील, आणि गूगललाही कुठलं पान खरं ते कळणार नाही.

आकडे पाहताना गेल्या महिन्याशी तुलना करू नका. संगीत मासिकाचा वाचक ऋतूप्रमाणे येतो. मुंबईत मैफलींचा मोसम थंडीत, जुलैत शुकशुकाट. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहा. त्यातही एकूण भेटींपेक्षा दोन गोष्टी बघा: जुन्या लेखांवर थेट येणारे कमी झाले का, आणि साइटवर शोध घेऊन रिकाम्या हातानं परत जाणारे किती. दुसऱ्या आकड्याबरोबर त्यांनी काय टाइप केलं होतं त्याची यादीही मिळते. ती यादी रोज सकाळी संपादकीय टेबलावर असावी, मला त्याहून उपयोगी कागद माहीत नाही. आणि पाच वाचकांना ऑफिसात चहाला बोलवा, वेगवेगळ्या वयाचे, प्रत्येकाचा स्वतःचा मोबाइल. साइट वापरायला किती सोपी याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की बहुतेक अडचणी पाच जणांतच दिसून येतात. माझाही अनुभव तोच. त्यांना काम द्या: 'गेल्या दिवाळीतली ती तबल्यावरची मुलाखत काढा.' आणि मध्ये बोलू नका, डिझायनरलाही बोलू देऊ नका. त्यानं तिथे बसणं मात्र जरुरीचं आहे. समोरच्या माणसाला अडखळताना पाहिलं की वाद संपतो.

वाचकांना उत्तर द्या, आणि लगेच द्या. 'आपल्या सूचनांचे स्वागत आहे' हे पत्र पाठवू नका. असं लिहा: 'नव्या साइटवर जुने लेख सापडत नाहीत, बंदिशींतल्या खुणा उडाल्या आहेत आणि अंकाची अनुक्रमणिका दिसत नाही, हे तुम्ही कळवलंत. जुन्या लिंक्स या महिनाअखेर चालू होतील. बंदिशींखाली छापील पानाची प्रत लावायला सुरुवात केली आहे. ज्यांना एखादा लेख तातडीनं हवा आहे त्यांनी फोन करावा, आम्ही पाठवू.' छापील अंकातही हेच छापा, कारण रागावलेल्यांपैकी बरेच जण साइट आता उघडतच नसतील. ज्यानं बंदिशीतली चूक दाखवली त्याला वेगळा फोन करा. असा वाचक तुमचा सगळ्यात चांगला मुद्रितशोधक आहे. मी असे वाचक पाहिलेत, त्यांना मान मिळाला तर ते वर्षानुवर्षं मासिकाचं काम आपलं समजून करतात.

क्रम असा ठेवा: या आठवड्यात स्कॅन आणि मोबाइलवर पान मोठं करण्याची सोय, मग लिंक्स, मग अंकांची पानं, मग शोधाची यादी. स्वरलिपीची दुरुस्ती बाजूनं चालू राहील, तिला काही महिने लागतील, घाई नको. रंगाला या सगळ्यात हात लावू नका, म्हणजे नंतर उरलेली तक्रार खरंच रंगाची आहे का ते कळेल. प्रकाशकांना ही यादी तारखांसह द्या. 'जुनी परत लावा' म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा तारखा हव्या असतात. आणि दिवाळी अंक तोंडावर आला की साइटवरचं सगळं काम थांबवा. त्या दिवसांत नवं काही चढवायचं ते फक्त अंकाची अनुक्रमणिका, मजकूर छपाईला जाईल त्याच संध्याकाळी.